नवीन स्पीकर आणि वाजणारी दारे: गाडीचे डॅम्पिंग नेमके किती आणि कुठे करावे?

सांजतारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझी पेट्रोलवरची हॅचबॅक सहा वर्षांची झाली आहे. गेल्या महिन्यात मी तिच्यातला कंपनीचा टेप तसाच ठेवून पुढच्या दोन दारांत साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर बसवून घेतले, ट्वीटर (उंच सुरांचे छोटे स्पीकर) आरशाजवळच्या त्रिकोणी पट्टीत गेले आणि चालकाच्या सीटखाली चार चॅनलचा छोटा अँप्लिफायर आला. गायकाचा आवाज, सतारीची मींड, तबल्याच्या चाटीवरचा ‘ना’ हे सगळे आता इतके स्वच्छ ऐकू येते की गेली सहा वर्षे आपण ऐकत तरी काय होतो, असा प्रश्न पडतो. माझी तक्रार डग्ग्याची आहे. ‘घे’ वाजला की घुमारा येण्याऐवजी दाराचा पत्रा झर्रकन वाजतो, आणि आवाज अर्ध्याच्या वर नेला तर दाराच्या खिशातली पाण्याची बाटलीसुद्धा साथीला बसते.

दुसरी अडचण रस्त्याची आहे. दर शनिवारी मला पुण्याहून पनवेलला जावे लागते. द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर ताशी ८० च्या पुढे गेले की टायरांची अशी एकसुरी घरघर सुरू होते की मंद्र सप्तकातले काहीच कानावर येत नाही, आणि उगाच आवाज वाढवला की पुन्हा पत्रा वाजतो.

स्पीकर बसवून देणाऱ्या दुकानदारांना विचारले तेव्हा त्यांनी डॅम्पिंगचे, म्हणजे आवाज दाबणाऱ्या शीट पत्र्याला चिकटवून देण्याचे, ‘पूर्ण गाडीचे पॅकेज’ सुचवले. त्यात चारही दारे, फरशी, डिकी आणि छत येते, खर्च ३८,००० रुपये आणि गाडी दोन दिवस त्यांच्याकडे. स्पीकर आणि अँप्लिफायर मिळूनही एवढे पैसे लागले नव्हते. हे सगळे करणे खरोखर आवश्यक आहे का, केवळ पुढची दारे केली तर भागेल का, आणि पावसाळा तोंडावर असताना दारे उघडावीत का, याबद्दल ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी कृपया लिहावे.

घाटवाट

पैसे देण्याआधी एक फुकटची तपासणी करा. दाराचा बाहेरचा पत्रा मध्यभागी बोटाच्या पेराने ठोका आणि मग कडेला, जिथे पत्रा वळतो तिथे ठोका. मध्ये रिकाम्या डब्यासारखा ‘टण्ण’ आणि कडेला ‘ठक्’ आला, तर पत्र्याला उपचार हवा आहे. त्यानंतर फोनवर टोन जनरेटरचे ॲप घेऊन ४० हर्ट्झपासून २०० हर्ट्झपर्यंत सूर अगदी सावकाश चढवत न्या आणि शेजारी बसलेल्या माणसाला दाराच्या निरनिराळ्या भागांवर तळहात दाबायला सांगा. हात ठेवल्यावर जिथे आवाज थांबतो, तिथे दुखणे आहे. माझ्या गाडीत पत्रा निर्दोष निघाला होता आणि वाजत होती ती पॉवर विंडोच्या बटणांची पट्टी. वीतभर फेल्टच्या टेपने काम झाले. डॅम्पिंगसाठी घेतलेल्या शीट अजून माळ्यावर आहेत.

चाकणचा_कंपनमापक

मी गेली अकरा वर्षे वाहनांतला आवाज आणि कंपने याच विषयात नोकरी करतो. संगीताचा माझा कान सामान्य आहे, पत्र्याचा मात्र बरा आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आपल्या प्रश्नात दोन वेगळी दुखणी आहेत आणि दुकानदारांनी दोन्हींना एकच गोळी दिली आहे. बाजारात ‘डॅम्पिंग’ या एका नावाखाली तीन निरनिराळी कामे विकली जातात. पत्रा स्वतः वाजत असेल तर त्याचे वाजणे थांबवणे हे पहिले काम, बाहेरचा आवाज आत येताना त्याला अडवणे हे दुसरे, आणि आत आलेला आवाज शोषून घेणे हे तिसरे. या तिन्हींची सामग्री वेगळी असते आणि एकीकडून दुसरीचे काम जवळजवळ होत नाही.

पहिले काम ब्युटाइल रबराची, वरून ॲल्युमिनियम लावलेली शीट करते. दाराचा बाहेरचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडीचा, मोठा आणि बराचसा कडांनीच धरलेला असतो, त्यामुळे तो थाळ्यासारखा वाजतो. शीट चिकटवल्यावर रबराचा थर पत्रा आणि फॉइल यांच्यामध्ये सापडतो. पत्रा वाकू लागला की रबराची एक बाजू त्याच्याबरोबर ओढली जाते, दुसरी बाजू मात्र न ताणले जाणारे फॉइल धरून ठेवते, आणि या ओढाताणीत कंपनाची ऊर्जा रबराच्या आत किंचित उष्णता होऊन जिरते. म्हणजे फॉइल शोभेसाठी लावलेले नसते, निम्मे काम त्याचे असते. ते ०.१ मिलिमीटर किंवा त्याहून जाड असावे. पोळ्या गुंडाळण्याच्या कागदाइतके पातळ असेल, तर तुम्ही पैसे देऊन पत्र्यावर केवळ वजन चिकटवत आहात. जो विक्रेता फक्त रबराची जाडी सांगतो आणि फॉइलच्या जाडीवर गप्प बसतो, त्याच्याकडून मी काही घेणार नाही.

याच कारणामुळे पत्रा पूर्ण मढवण्याची गरज नसते. सपाट भागाच्या मध्यावर पाव ते एकतृतीयांश क्षेत्र नीट, हवेचे फुगे न ठेवता, रोलरने दाबून चिकटवले तरी बहुतेक घुमणे जाते. त्यापुढचा प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा कमी काम करतो, पैसे मात्र तेवढेच घेतो.

आता डग्गा. त्याचा मूळ सूर शंभर हर्ट्झच्या आसपास असतो. तो हरवण्यामागे पत्र्याचे वाजणे हे अर्धेच कारण आहे आणि मोठे कारण वेगळेच आहे. दाराच्या आतल्या पत्र्याला काचेची यंत्रणा बसवण्यासाठी तळहाताएवढी, कधी त्याहून मोठी भोके ठेवलेली असतात. स्पीकरचा कोन पुढे येतो तेव्हा पुढे हवा दाबली जाते आणि मागे त्याच क्षणी विरळ होते. उंच सुरांना याचे काही वाटत नाही, पण खालच्या सुरांत पुढची आणि मागची लाट त्या भोकांतून एकमेकींना भेटते आणि दोघी मिळून नाहीशा होतात. तुम्ही नवीन स्पीकर घेतले, अँप्लिफायर घेतला, आणि डग्गा दाराच्या भोकातून परत गेला. ती भोके कडक वस्तूने बंद करणे हे माझ्या मते तुमच्या गाडीतले पहिले काम आहे. त्यावर नुसती ब्युटाइल शीट ताणली तर ती ढोलाच्या पानासारखी हलते. फलकांसाठी वापरतात ती तीन मिलिमीटरची एसीपी शीट (दोन बाजूंनी ॲल्युमिनियम, मध्ये प्लास्टिक) कापून, कडेला फोमची पट्टी लावून, स्क्रूने बसवावी. स्क्रूच हवेत, कारण काचेची मोटर कधीतरी बिघडणारच आहे.

एक इशारा. बऱ्याच नवीन गाड्यांमध्ये बाजूची धडक ओळखण्यासाठी दाराच्या पोकळीत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. दार चेपले की पोकळीतला दाब एकदम वाढतो आणि त्यावरून एअरबॅगला आदेश जातो. अशा दाराची भोके स्वतःच्या मनाने बंद करू नयेत किंवा मोठीही करू नयेत. आपल्या गाडीत तो आहे की नाही, हे सर्व्हिस सेंटरमध्ये विचारूनच पुढचे पाऊल उचला.

रस्त्याच्या आवाजाविषयी. टायरांची घरघर मुख्यतः ५०० ते १,२०० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. ती हवेतून येते, म्हणून तिला अडवायला वजन लागते. वजनदार विनाइलची शीट हे काम करते, आणि आडोशाचे वजन दुप्पट केले की अडवणूक सिद्धांताने ६ डेसिबलने वाढते, पण तो आडोसा सलग असला पाहिजे, कारण फट राहिली की आवाज तिथून येतोच. दुकानात दाखवतात तो १० मिलिमीटरचा फोम खालच्या सुरांचे काहीही बिघडवू शकत नाही. १०० हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी साडेतीन मीटरच्या जवळ असते, तिच्यापुढे हा थर नगण्य आहे. हा फोम प्लास्टिकचे भाग एकमेकांवर आपटू नयेत म्हणून उपयोगी आहे, आणि त्यासाठी वापरायला माझी हरकत नाही.

राहिली फरशी. कार्पेट उचलून पाहा, काळे डांबरी चौकोन दिसतील. ते कंपनीनेच ठेवलेले असतात आणि बॉडी रंगाच्या भट्टीतून जाताना पत्र्याला चिकटतात. म्हणजे तिथले डॅम्पिंग झालेलेच आहे.

शेवटी एकच विचारतो: टायर किती जुने आहेत?

सप्तसूर

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, तरीही मी असहमत आहे. मी माझी गाडी तीन वर्षांपूर्वी पूर्ण करून घेतली, म्हणजे दारे, फरशी, चाकांच्या कमानी, डिकी आणि छत यांपैकी काहीही सोडले नाही. आज दार लावताना येणारा ‘धप्प’ असा भारदस्त आवाज ऐकला की मन प्रसन्न होते, आणि पावसात छतावर थेंब पडतात ते ताशासारखे न वाजता पोत्यावर पडल्यासारखे वाटतात. हिशोबाने पाव भाग पुरत असेल, पण गाडीत बसून संगीत ऐकणारा माणूस हिशोब ऐकत नाही. ज्याला परवडते त्याने पूर्ण काम करावे, अर्धवट करून पुन्हा सगळ्या क्लिपा काढण्यात अर्थ नाही.

चाकणचा_कंपनमापक

छताबद्दल आपले म्हणणे मान्य. छताचा पत्रा सर्वांत मोठा आणि सर्वांत मोकळा असतो, त्यामुळे तिथे थोड्या शीटमध्ये पुष्कळ फरक पडतो. दाराच्या ‘धप्प’ने मन प्रसन्न होते हेही खरे, गाडी बनवणारेसुद्धा त्या एका आवाजावर बरीच मेहनत घेतात. मात्र दोन मिलिमीटरच्या शीटचे वजन दर चौरस मीटरला तीन किलोच्या घरात जाते. दहा चौरस मीटर लावली की तीस किलो झाले, आणि त्यावर विनाइल आले तर एक जास्तीचा प्रवासी कायमचा गाडीत बसला. हॅचबॅकच्या दाराच्या बिजागऱ्यांनी हे वजन वर्षानुवर्षे पेलायचे आहे. ताशी १०० ला जो आवाज येतो त्यातला मोठा भाग काचा आणि दारांच्या रबरांवरून वाहणाऱ्या वाऱ्याचा असतो, आणि त्याला फरशीवरची कोणतीही शीट अडवू शकत नाही.

मिरकरवाडा

पावसाळ्याचा प्रश्न कुणी घेतलेला दिसत नाही, म्हणून रत्नागिरीहून लिहितो. इथे जूनमध्ये पाऊस आडवा येतो.

काचेच्या बाहेरच्या रबरातून दारात पाणी शिरणे हा बिघाड नाही, दाराची रचनाच तशी असते. पाणी काचेवरून आत उतरते, बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाने खाली जाते आणि दाराच्या तळाशी असलेल्या भोकांतून रस्त्यावर पडते. ते गाडीत येऊ नये म्हणून आतल्या पत्र्यावर कंपनी प्लास्टिकचा किंवा पातळ फोमचा एक पडदा काळ्या चिकट पट्टीने सलग चिकटवते. दाराचा पॅनल काढल्यावर हा पडदा पहिल्यांदा दिसतो, आणि घाईत काम करणारी मुले पहिल्यांदा तोच टरकावतात.

माझ्या गाडीचे काम एका दुकानात एप्रिलमध्ये झाले. जुलैत एके दिवशी दार उघडले तेव्हा आतून, तांब्यात पाणी हलवावे तसा, खळखळ आवाज आला. त्याआधी आठवडाभर गाडीत कुबट वास येत होता आणि मी तो एसीचा समजून फिल्टर बदलून आणला होता. शेजारच्या गॅरेजवाल्याने खाली वाकून दाराच्या तळाच्या भोकात बारीक पेचकस घातला, तसे तांबूस पाणी धार लावून बाहेर आले आणि जवळजवळ अर्धी बादली भरली. पॅनल काढल्यावर कारण दिसले. बाहेरच्या पत्र्यावरची शीट खालपर्यंत लांबवून तळाशी दुमडलेली होती आणि तीनपैकी दोन भोके तिच्याखाली गेली होती. पडद्याचा खालचा कोपरा फाटलेला होता, तिथून पाणी कार्पेटखाली गेले होते. कार्पेटखालचा फोम पिळून उन्हात टाकला तो चौथ्या दिवशी वाळला. दुकानाने ‘कोकणात असे होतेच’ एवढेच उत्तर दिले.

म्हणून काम स्वतःच्या डोळ्यांसमोर करून घ्या. शीट तळापासून चार बोटे वर संपली पाहिजे. तळाच्या भोकांजवळ आधी खडूने खुणा करून ठेवाव्यात. पडदा काढावाच लागला तर त्याची चिकट पट्टी धुळीपासून जपावी, आणि एसीपीने भोके बंद करणार असाल तरी तिच्या कडेने पाणी येणार नाही असे ब्युटाइलच्या दोरीने लिंपून घ्यावे. पॅनल बसवण्याआधी काचेवर तांब्याभर पाणी ओता आणि ते तळाशी सगळ्या भोकांतून पडते का ते पाहा. यात फार तर दोन मिनिटे जातात.

वैनगंगा

नागपूरचा अनुभव जोडते. कृपया स्वस्त मिळते म्हणून डांबरी शीट दारात लावू नका. आमच्याकडे मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिली की दाराच्या पत्र्याला हात लावता येत नाही. मी पहिल्यांदा डांबरी शीट लावून घेतली होती. पहिल्या उन्हाळ्यात गाडीत शिरले की नवीन रस्त्याचे काम सुरू असल्यासारखा वास येई, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात उजव्या दारातली शीट सुटून खाली घसरली आणि काचेच्या रुळात अडकली. काच निम्म्यावर थांबली, ती ना वर जाई, ना खाली. ब्युटाइल महाग आहे, पण या उष्णतेत ते जागचे हलले नाही.

छताविषयी एक गोष्ट आवर्जून सांगते. शीटवरचे चकचकीत फॉइल ऊन परतवते, असे विक्रेते सांगतात. फॉइलसमोर मोकळी हवा असेल तरच ते उष्णता परतवते. ते अस्तराला टेकले किंवा त्यावर फोम चिकटवला की तो गुण संपला. छताचा ताप खरोखर कमी केला तो ब्युटाइलवर लावलेल्या १० मिलिमीटरच्या बंद पेशींच्या फोमने. एसी थंड व्हायला लागणारा वेळ माझ्या अंदाजाने बराच कमी झाला, पण मी घड्याळ लावलेले नाही. छताचे अस्तर उतरवताना दोन्ही कडांनी पडदा एअरबॅग जाते की काय ते आधी तपासा. असेल तर तिच्या वाटेत शीट, फोम किंवा वायर काहीही येता कामा नये, आणि ज्याने हे काम आधी केलेले नाही त्याला छताला हात लावू देऊ नये.

सांजतारा (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. टायरांच्या प्रश्नाने मी अडचणीत आलो आहे. ते गाडीबरोबर आलेले, म्हणजे सहा वर्षांचे आहेत. नक्षी अजून शिल्लक आहे म्हणून बदलले नव्हते. सर्व्हिस सेंटरमध्ये विचारले, तर माझ्या मॉडेलमध्ये दाराच्या पोकळीत दाबाचा सेन्सर नाही, धडकेचा सेन्सर मधल्या खांबाच्या तळाशी आहे, असे त्यांनी चेसिस क्रमांकावरून पाहून सांगितले.

छत आणि फरशी सध्या सोडून देतो. येत्या रविवारी पुढची दोन दारे सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः करण्याचा विचार आहे. कुणी हे हाताने केले असल्यास पायऱ्या सांगाव्यात.

घाटवाट

मी केले आहे, दोन दारांना पूर्ण दिवस लागला. बॅटरीची ऋण तार काढून दहा मिनिटे थांबा, आणि पिवळ्या रंगाचा कोणताही जोड दिसला तर त्याला हात लावू नका, तो बहुधा एअरबॅगचा असतो. पॅनलचे स्क्रू लपवलेले असतात. एक आतल्या हँडलच्या मागे छोट्या झाकणाखाली, एक-दोन हात ओढायच्या खोबणीत. ते निघाले की प्लास्टिकची पट्टी खालच्या कोपऱ्यात घालून क्लिपा एकेक सोडवत जा. पहिली क्लिप ‘टक्’ करून सुटते तेव्हा काहीतरी मोडले असे वाटतेच. दोन-चार खरोखर मोडतात, म्हणून दहा जास्तीच्या आधीच आणून ठेवा. पुण्यात नाना पेठेत त्या सुट्या मिळतात, जुनी क्लिप नमुन्याला न्या. पॅनल लगेच ओढू नका, मागे हँडलची केबल आणि बटणांची वायर जोडलेली असते.

खरा वेळ पत्रा साफ करण्यात जातो. सहा वर्षांची धूळ आणि कंपनीचा मेणचट थर यांवर काहीही टिकत नाही. आधी साबणाच्या पाण्याचे फडके, मग कोरडे फडके, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल, आणि फडके पांढरे निघेपर्यंत पुन्हा तेच. आतल्या भोकांमधून हात घालून बाहेरच्या पत्र्यापर्यंत पोचावे लागते आणि भोकांच्या कडा सुरीसारख्या असतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घाला, माझ्या मनगटावरची खूण अजून आहे. शीटचे हातात मावतील एवढे तुकडे करा, एक कड आधी टेकवून मग पुढे सरकत चिकटवा, आणि फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत रोलर फिरवा. काच पूर्ण वर करून काम करा, पण पॅनल लावण्याआधी ती एकदा पूर्ण खाली आणून कुठे घासत नाही ना ते पाहा.

स्पीकरखालची रिंग एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीची) असेल तर आताच बदला, ती ओल पिऊन पुरीसारखी फुगते. टणक प्लास्टिकची घ्या, आणि स्पीकरची कड व पॅनलची जाळी यांच्यामध्ये फोमचे कडे ठेवा, म्हणजे आवाज पॅनलच्या मागे न जाता तुमच्याकडे येईल.

अँप्लिफायरवर एचपीएफ (हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरवलेल्या सुराच्या खालचे सूर कापणारा) नावाचा स्क्रू असतो. तो ६० ते ६५ हर्ट्झवर ठेवा. डग्गा त्याच्या वर राहतो आणि ज्या सुरांत साडेसहा इंचाचा स्पीकर नुसता धापा टाकतो ते कापले जातात.

सांजतारा (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी लिहितो आहे.

आधी टायर. चारही बदलले. द्रुतगती मार्गावर पहिल्याच फेरीत जो फरक पडला, तो मी ३८,००० रुपयांच्या पॅकेजकडून अपेक्षिला होता. काँक्रीटची घरघर पूर्ण गेलेली नाही, पण आता ती तंबोऱ्यासारखी मागे राहते. नव्या टायरांना हवा दारावरच्या तक्त्याप्रमाणेच भरून घेतली. आधी पेट्रोल पंपावरचा मुलगा स्वतःच्या मनाने पाच पौंड जास्त भरत होता आणि मी त्याला कधी अडवले नव्हते.

दारांना रविवार आणि सोमवारची संध्याकाळ लागली. बाहेरच्या पत्र्यावर मध्यभागी शीटचे सहा-सात तुकडे, स्पीकरच्या अगदी मागे एक मोठा तुकडा, आणि आतल्या भोकांवर एसीपीची झाकणे. पहिल्या दारात शीट लावून झाल्यावर, झाकणे लावण्याआधी, मी मुद्दाम पॅनल तात्पुरता टेकवून तेच ध्वनिमुद्रण ऐकले. पत्र्याची झर्र गेली होती, डग्गा मात्र होता तितकाच दुबळा. मग झाकणे कसली आणि पुन्हा ऐकले. ‘घे’ला मनगट घासत सूर चढवतात ती मींड पहिल्यांदा दारातून नीट ऐकू आली. चाकणच्या सदस्यांनी लिहिले होते ते वाचून पटले होते, पण कानाने पटणे वेगळे. दोन्ही दारांना मिळून शीट, एसीपी, फोम, क्लिपा आणि रोलर धरून ४,६०० रुपये लागले.

मिरकरवाडा यांनी सांगितल्याप्रमाणे काचेवर तांब्याभर पाणी ओतले. डाव्या दाराच्या तिन्ही भोकांतून पाणी पडले, उजव्याच्या दोनांतूनच. तिसऱ्यात माझी शीट नव्हती, सहा वर्षांचा चिखल घट्ट बसला होता. तो काडीने काढला. परवा ताम्हिणीत चांगला दीड तास पाऊस लागला, दारे आतून कोरडी आहेत.

बाटली दाराच्या खिशात आता ठेवतच नाही. एकच आवाज शिल्लक आहे. खालच्या काही सुरांना डिकीच्या बाजूने पत्रा थरथरल्यासारखा आवाज येतो. डिकीचा पॅनल उघडून शीट लावावी का?

चाकणचा_कंपनमापक

उघडण्याआधी बाहेरून मागच्या नंबरप्लेटवर अंगठा दाबून धरा आणि तेच सूर पुन्हा वाजवून घ्या.

सांजतारा (धागाकर्ता)

नंबरप्लेटच आहे. अंगठा ठेवला की आवाज बंद. पण प्लेट उच्च सुरक्षेची आहे, तिच्या खिट्या एकदा लावल्या की उघडत नाहीत, तोडाव्या लागतात.

घाटवाट

तोडू नका, पुन्हा बसवून घेण्याचा व्याप होईल. दुहेरी चिकटपट्टीच्या फोमची अर्धा इंच रुंद पट्टी घ्या, एकाच बाजूचा कागद काढा, आणि प्लास्टिकच्या पट्टीने प्लेटची खालची कड किंचित उचलून ती दोन्ही कोपऱ्यांत मागे सरकवा. दोन तुकडे पुरतात.